माणसांचे फोटो काढताना: पोर्ट्रेट फोटोग्राफीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोर्ट्रेटसाठी पहिली लेन्स कोणती घ्यावी, ५० मिमी की ८५ मिमी?

आधी कॅमेऱ्याचा सेन्सर कोणता आणि काम बहुतेक कुठे चालणार, हे बघा. एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान असलेल्या क्रॉप सेन्सरवर ५० मिमीची लेन्स निकॉन-सोनीत ७५ मिमीसारखी आणि कॅननमध्ये ८० मिमीसारखी वागते. म्हणजे सुरुवातीला ८५ची जी शिफारस ऐकू येते, तिचं काम क्रॉप सेन्सरवर ५० मिमीच करते, तेही निम्म्याहून कमी पैशांत.

दुसरा मुद्दा जागेचा. आपल्याकडची खोली साधारण दहा बाय बाराची, म्हणजे ३ मीटर बाय ३.६ मीटर. माणसाला भिंतीपासून थोडं पुढे बसवलं आणि तुम्ही समोरच्या भिंतीला पाठ टेकवली, की मध्ये फार तर अडीच मीटर उरतात. तेवढ्या अंतरावरून क्रॉप सेन्सरवर ८५ मिमीमध्ये उभ्या चौकटीत जेमतेम ७० सेंटीमीटर मावतात, म्हणजे डोकं ते छाती. ५० मिमीमध्ये सुमारे ११७ सेंटीमीटर मावतात, बसलेला माणूस मांडीपर्यंत येतो. उभ्या माणसाचा पूर्ण फोटो घ्यायचा तर क्रॉपवर ८५ला साडेसात मीटर मागे जावं लागतं. घराघरांत जाऊन काम करणाऱ्याने ८५ घेतली तर ती बॅगेतच राहते.

फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) असेल आणि काम बाहेर, बागेत किंवा मोठ्या हॉलमध्ये असेल, तर ८५ मिमी एफ १.८ घ्या (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर मोठं). एफ १.४ आणि एफ १.२च्या लेन्स देखण्या असतात, पण वजन आणि किंमत ज्या प्रमाणात वाढते त्या प्रमाणात फोटो सुधारत नाही.

फोटोत नाक मोठं आणि कान लहान दिसतात. लेन्स खराब आहे का?

लेन्स ठीक आहे, तुम्ही फार जवळ उभे आहात. चेहऱ्याचा आकार बदलतो तो अंतरामुळे. अर्ध्या मीटरवरून नाकाचं टोक कानांपेक्षा प्रमाणाबाहेर जवळ येतं, म्हणून ते फुगतं. दीड ते दोन मीटरवर हा फरक नगण्य होतो. कमी मिमीची लेन्स लावली की चौकट भरायला माणूस आपोआप पुढे सरकतो आणि दोष लेन्सला जातो. ३५ मिमीनेसुद्धा दोन मीटरवरून काढून नंतर कापलात तर चेहऱ्याचं प्रमाण ८५सारखंच येईल, फक्त पिक्सेल कमी उरतील.

खूप लांबून, सात-आठ मीटरवरून काढलं तर उलट होतं. चेहरा सपाट आणि रुंद दिसतो. शिवाय तेवढ्या लांबून सूचना ओरडून द्याव्या लागतात, आणि ओरडून सांगितलेलं हसू कसं येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

कॅमेऱ्यासोबत आलेली १८–५५ची लेन्स चालेल का?

चालेल. ५५ मिमीवर ठेवा, एफ ५.६ असेल, माणसाला मागच्या भिंतीपासून तीन-चार मीटर पुढे आणा. पार्श्वभूमी बऱ्यापैकी विरघळते. अंधारात मात्र ती थकते.

एफ १.८वर काढलं की एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येतो. काय चुकतं?

फुल फ्रेमवर ८५ मिमी, एफ १.८, अंतर दीड मीटर, या मापात स्पष्ट दिसणारी पट्टी साधारण साडेतीन सेंटीमीटर जाडीची असते. चेहरा थोडा जरी वळला तरी दुसरा डोळा तिच्या बाहेर जातो. एफ ४वर हीच पट्टी साडेसात सेंटीमीटर होते आणि एफ ५.६वर साडेदहा. एकट्या माणसासाठी एफ २.८ ते एफ ४ हा सुरक्षित टप्पा. पार्श्वभूमी विरघळवायची असेल तर अ‍ॅपर्चर उघडण्याआधी माणूस आणि भिंत यांच्यातलं अंतर वाढवा.

फोकस कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर घ्या. मिररलेसमध्ये डोळा ओळखणारा ऑटोफोकस असतो, तो चालू ठेवा. डीएसएलआर वापरत असाल तर डोळ्याजवळचा फोकस पॉइंट निवडा. मधल्या पॉइंटने फोकस धरून मग कॅमेरा वळवायची जुनी सवय एफ १.८वर महागात पडते, कारण वळवताना फोकसची पातळी काही सेंटीमीटर मागे सरकते. सगळेच फोटो सातत्याने पापणीऐवजी कानावर स्पष्ट येत असतील, तर डीएसएलआरमधलं ऑटोफोकस मायक्रो अ‍ॅडजस्टमेंट (फोकस किंचित पुढे-मागे करायचं सेटिंग) तपासायला हवं.

शटरचा वेग किती ठेवावा?

स्थिर बसलेल्या मोठ्या माणसासाठी १/२०० सेकंद, बोलता-हसताना १/२५०, खेळणाऱ्या मुलांसाठी १/५०० किंवा जास्त. लेन्समधलं किंवा बॉडीतलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही. १/३०वर भिंतीवरची तसबीर कोरीव आणि आजोबा हललेले, असा फोटो त्यामुळेच येतो.

घरातल्या दिव्यांत एक वेगळी भानगड असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५०० ठेवलं तर एका फोटोत उजेड जास्त, दुसऱ्यात कमी, किंवा चौकटीत आडवे पट्टे. अशा ठिकाणी १/५० किंवा १/१००वर या आणि सायलेंट शटर बंद करा. काही कॅमेऱ्यांत अँटी-फ्लिकर असतं, ते चालू करा.

घरात फ्लॅशशिवाय चांगला उजेड कसा मिळवायचा?

खोलीतले सगळे दिवे बंद करा. पहिलं काम हेच, आणि बहुतेकांकडून राहतं तेही हेच. खिडकीचा उजेड साधारण ५,५०० केल्विनच्या (हे उजेडाच्या रंगाचं माप) आसपास किंवा त्याहून निळसर, घरातला पिवळा दिवा २,७०० केल्विनचा. दोन्ही एकत्र आले की अर्धा चेहरा निळा आणि अर्धा पिवळा होतो, आणि तो संगणकावरही सरळ करता येत नाही.

मग ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही अशी खिडकी निवडा. उत्तरेकडची असेल तर बरीच. ऊन येतच असेल तर चौकटीवर पांढरी चादर किंवा बटर पेपर ताणून लावा. माणसाला खिडकीपासून सुमारे एक मीटरवर बसवा. खिडकी त्याच्या चेहऱ्याच्या बाजूला आणि थोडी पुढे, साधारण ४५ अंशांत असावी. अगदी बाजूला असेल तर चेहऱ्याचे दोन तुकडे होतात. काही चेहऱ्यांना ते शोभतं, लग्नाच्या स्थळासाठी काढायच्या फोटोला नाही.

सावलीच्या बाजूला पांढरा कार्डशीट किंवा फोम बोर्ड धरा, चेहऱ्यापासून ५०-६० सेंटीमीटरवर. जवळ आणला की सावली उजळते, लांब नेला की गडद होते. तो धरायला घरातलं कुणीतरी असतंच, आणि काम दिल्यामुळे त्या माणसाचा मधे मधे सल्ला देणंही थांबतं. सोनेरी रिफ्लेक्टर घरात वापरू नका, गालाच्या एका बाजूला कावीळ झाल्यासारखं दिसतं. गोल चेहऱ्याला थोडी धार हवी असेल तर पांढऱ्याच्या जागी काळं कापड धरा, ते उजेड शोषून सावली गहिरी करतं.

उभ्या गजांच्या खिडकीत गजांच्या सावल्या चेहऱ्यावर येतात, पण त्या फक्त थेट उन्हात. पसरलेल्या उजेडात त्यांचा त्रास नसतो. जुन्या वाड्यात चौकाकडे तोंड करून ओसरीच्या कडेला बसवा, छप्पर वरचा उजेड अडवतं आणि समोरून मोकळं आकाश मिळतं. गोव्याच्या जुन्या घरांत शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या असतात. त्यांतून येणारा उजेड आपोआप गाळलेला आणि किंचित उबदार असतो, फक्त कमी असतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे येतात) १६०० ते ३२०० लागेल याची तयारी ठेवा. दाण्यांना घाबरून शटर १/४०वर आणण्यापेक्षा दाणे परवडले.

दुपारी बारा वाजताच फोटो काढायचे असतील तर?

मुंबईत मेच्या मध्याला दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. भुवयांची सावली डोळ्यांत आणि नाकाची ओठांवर पडते. रिफ्लेक्टरने खालून उजेड मारला की माणूस डोळे मिटतो. उपाय एकच, सावली शोधा. इमारतीची, झाडाची, पडवीची, दुकानाच्या शेडची.

सावलीत कुठे उभं करायचं याला महत्त्व आहे. कडेपासून एक-दीड मीटर आत, तोंड बाहेरच्या उजेडाकडे. फार आत गेलं की उजेड सपाट होतो. झाडाखाली पानांतून पडणारे कवडसे चेहऱ्यावर नकोत, दाट सावली बघा. जमिनीकडेही नजर टाका. हिरवळीवरून हनुवटीखाली हिरवट झाक येते, कोकणातल्या जांभ्याच्या अंगणातून तांबूस येते. तांबूस चालते, हिरवी मुळीच नाही. हिरवळ टाळता येत नसेल तर पायाशी चौकटीबाहेर पांढरी चादर पसरा.

मंडपात सगळ्यांचे चेहरे गुलाबी किंवा पिवळे येतात. व्हाइट बॅलन्सने का सुटत नाही?

मंडपाच्या रंगीत कापडातून ऊन गाळून येतं तेव्हा बाकीचे रंग उजेडात जवळजवळ उरतच नाहीत. जो रंग उजेडात नाही तो त्वचेवरून परत येणार कुठून? व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग भरून काढणारं सेटिंग) उरलेलं ताणतो, आणि त्वचा राखाडी पडते. पावसाळ्यात निळ्या ताडपत्रीखालीही हेच होतं, माणसं आजारी दिसतात. शिवाय मंडपाच्या कडेने पांढरा उजेड येत असतो, म्हणून एका चेहऱ्याचे दोन भाग दोन रंगांचे होतात.

पोर्ट्रेट मंडपाच्या कडेला, बाहेर तोंड करून घ्या. मधे विधी चालू असताना हलवता येत नाही, तिथे फ्लॅश लागतो, पण तो छताच्या रंगीत कापडावर मारू नका, रंग दुप्पट होईल. फ्लॅशच्या डोक्याला पांढरं बाउन्स कार्ड लावा किंवा सहायकाच्या हातात छत्री-फ्लॅश द्या. शटर १/२००वर आणि आयएसओ ४००च्या आसपास ठेवून मंडपाचा उजेड दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) खाली आणा, म्हणजे चेहऱ्यावर फ्लॅशचा उजेड वरचढ राहील. हळदीला तर हळदच उजेड पिवळा करते. तिथे पिवळेपणा पूर्ण काढायला जाऊ नका, एका पांढऱ्या कपड्यावरून बॅलन्स घ्या आणि थोडा ऊबदारपणा राहू द्या.

नवरीचा फोटो काढताना नथ, मुंडावळ्या आणि शालू यांचं काय करायचं?

नथ डाव्या नाकपुडीत असते. चेहरा तिच्या उजवीकडे, म्हणजे तुमच्या डावीकडे थोडा वळवलात तर तिचा डावा गाल तुमच्याकडे येतो आणि नथ पूर्ण दिसते. उलट वळवलं की ती नाकाआड जाऊन फक्त दोन मोती डोकावतात. उजेड फार वरून असेल तर नथीची सावली ओठांवर मिशीसारखी पडते. मुख्य दिवा डोळ्यांच्या पातळीपासून थोडाच वर आणि समोरच्या बाजूला आणा.

मुंडावळ्या डोळ्याच्या पुढे लोंबतात, त्यामुळे ऑटोफोकस मण्यांवर बसतो आणि डोळा मऊ येतो. फोटो लगेच मोठा करून तपासा. जवळचा पोर्ट्रेट एफ ४वर घ्या, म्हणजे मणी आणि डोळा दोन्ही आत येतात. एखाद-दुसऱ्या फोटोसाठी करवलीला सांगून मुंडावळ्या कानामागे घेतल्या तरी चालतं, पण नवरीच्या आईला आधी विचारा.

लाल शालूमध्ये लाल चॅनेल आधी फुटतो आणि कापडाची वीण सपाट लाल डाग होते. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसेल, म्हणून तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि लाल उजव्या भिंतीला टेकत असेल तर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप खाली या. पैठणीच्या जरीवर थेट फ्लॅश मारला की पांढरे चट्टे येतात, उजेड मोठा आणि बाजूने हवा. हिरवा चुडा, मेंदी आणि दागिने यांचे जवळचे फोटो नवरी तयार होतानाच उरका. मंगलाष्टकांनंतर अक्षता केसांत आणि दागिन्यांत अडकलेल्या असतात, त्या फोटोतून काढत बसणं हे वेळखाऊ काम आहे.

सावळ्या रंगाच्या माणसाचा फोटो काळपट येतो आणि पांढऱ्या कपड्यातला राखाडी. मीटर चुकतं का?

कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतं. चौकटीत पांढरं धोतर-सदरा भरलेला असेल तर ते एक्स्पोजर खाली ओढतं आणि चेहरा काळवंडतो. तिथे दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा. मागे काळा पडदा असेल तर उलट, चेहरा जळतो, तेवढंच कमी करा. सगळ्यांत खात्रीचा मार्ग म्हणजे चेहऱ्याजवळ १८ टक्के ग्रे कार्ड धरून त्यावर स्पॉट मीटरिंग (फक्त तेवढ्याच भागाचा उजेड मोजणं) करणं आणि मॅन्युअलमध्ये तेच ठेवणं.

सावळी त्वचा उजळ करायची गरज नसते, तिच्यावर चमक हवी. मोठा, मऊ उजेड थोडा बाजूने आला की गालाच्या हाडावर आणि कपाळावर सुरेख चकाकी येते, तीच त्या चेहऱ्याचा आकार सांगते. सपाट समोरचा फ्लॅश ती मारून टाकतो. मागची भिंत त्वचेपेक्षा थोडी उजळ किंवा बरीच गडद निवडा, म्हणजे केसांची कड हरवत नाही. आणि फोटो दाखवायच्या आधी चेहरा गोरा करून द्यायची जी रीत पडली आहे, ती सोडा. आपलाच रंग आपल्याला ओळखू येत नाही असा फोटो घेऊन कुणी काय करायचं?

चष्म्यात खिडकी किंवा फ्लॅश चमकतो. चष्मा काढायला सांगावा का?

जो माणूस रोज चष्मा लावतो त्याने फोटोत लावलेलाच बरा. काढला की नाकावरचे वळ दिसतात आणि डोळे बारीक होतात. हे करून पाहा:

दिवा वर आणि बाजूला न्या, इतका की काचेवरून परावर्तन कॅमेऱ्याच्या खालून निघून जाईल. चष्म्याच्या काड्या कानांवर अर्धा-एक सेंटीमीटर उचला, काच खाली झुकते. हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा. यांतली एक गोष्ट बहुतेक वेळा पुरते. नाहीच जमलं तर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून एक फोटो चष्म्यासह आणि एक त्याच जागी चष्म्याविना घ्या, डोळे नंतर जोडता येतात. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा बाहेर अडचण करतात. फोटोआधी दहा मिनिटं घरात बसवून ठेवा आणि बाहेर आल्यावर पहिल्या काही सेकंदांत काढा, किंवा फोटो आतच घ्या.

एकच फ्लॅश आहे. सुरुवात कशी करू?

फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवा. एक वायरलेस ट्रिगर, एक लाइट स्टँड, छत्री लावायचा ब्रॅकेट आणि १०० सेंटीमीटरच्या आसपासची पांढरी आरपार छत्री, एवढा संच पुरतो. छत्री चेहऱ्यापासून एक ते सव्वा मीटरवर, ४५ अंश बाजूला, डोळ्यांच्या पातळीच्या वर आणि खाली झुकलेली. डोळ्यांतला चमकता ठिपका घड्याळाच्या दहा किंवा दोनच्या जागी दिसला की जागा बरोबर.

मॅन्युअलमध्ये सुरुवात अशी: आयएसओ २००, एफ ४, १/१६० सेकंद, फ्लॅशची ताकद १/१६. जळलं तर १/३२, अंधार वाटला तर १/८. शटर बदलून फ्लॅशचा उजेड बदलत नाही, फक्त खोलीतला बदलतो. हे एकदा कळलं की निम्मे प्रश्न संपतात.

पार्श्वभूमी गडद हवी असेल तर दिवा माणसाच्या जवळ आणि भिंत लांब. दिवा चेहऱ्यापासून एक मीटर आणि भिंतीपासून तीन मीटर असेल तर भिंतीवर एक नवमांश उजेड पडतो, म्हणजे तीन स्टॉपहून थोडा जास्त फरक. पांढरी भिंतही राखाडी दिसते. वाऱ्यात छत्री उडते, स्टँडच्या पायाला दोन किलोची वाळूची पिशवी किंवा पाण्याने भरलेला डबा बांधा. रिचार्जेबल निकेल-मेटल सेल वापरा, साध्या अल्कलाइन सेलवर पुन्हा भरायला वेळ लागतो. पूर्ण ताकदीवर एकामागून एक वीस-तीस फोटो काढले की फ्लॅश तापून थांबतो, तो बिघडलेला नसतो.

फ्लॅशच्या फोटोत खाली काळी पट्टी येते.

शटर फ्लॅशच्या सिंक वेगापेक्षा (ज्या वेगापर्यंत फ्लॅशच्या क्षणी शटर पूर्ण उघडं असतं) जास्त आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/२०० किंवा १/२५०. बाहेर कडक उन्हात आयएसओ १०० आणि एफ २.८ ठेवलं तर १/३२०० लागतं, तिथे दोन वाटा आहेत. एक, हाय-स्पीड सिंक, म्हणजे या मर्यादेपलीकडेही फ्लॅश चालवणारं सेटिंग, ज्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते. दुसरी, चार स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्ससमोर लावायची, उजेड कमी करणारी गडद काच), जो १/३२००चं १/२००वर आणतो.

फ्लॅशऐवजी एलईडी घेतला तर?

दिसतं तेच फोटोत येतं, म्हणून शिकायला सोपा, आणि व्हिडिओही करता येतो. पण फ्लॅशइतका झटका त्यात नाही, मुलं हलली की हललेली येतात. घ्यायचाच तर सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ किंवा जास्त बघा. स्वस्त पॅनलमध्ये त्वचा हिरवट येते.

माणूस कॅमेऱ्यासमोर ताठ होतो. काय करावं?

सामान बॅगेतून काढण्याआधी पाच मिनिटं बोला. उजेड आणि सेटिंग आधीच कुणा दुसऱ्याला उभं करून लावून ठेवा. समोर बसलेल्या माणसाने तुम्हाला बटणांशी झगडताना पाहिलं की त्याला वाटतं, आपल्यातच काहीतरी गडबड आहे.

«हसा» म्हणू नका. ओठ ताणले जातात, डोळे तसेच राहतात. असं काही विचारा ज्याला एका शब्दात उत्तर देता येत नाही: आंबा कुठल्या बागेतला, नातवाचं नाव कुणी ठेवलं, पहिली गाडी कोणती. उत्तर संपल्यावर जो क्षणभर चेहरा सैल पडतो, तोच घ्यायचा. वारंवार डोळे मिटणाऱ्याला डोळे बंद करायला सांगा आणि तीन म्हटल्यावर उघडायला लावा.

शरीरासाठी नेमक्या सूचना द्या, आणि तोंडी सांगण्यापेक्षा स्वतः करून दाखवा. खांदे कॅमेऱ्यापासून तीसेक अंश वळलेले, वजन मागच्या पायावर. मान कासवासारखी किंचित पुढे, मग हनुवटी थोडी खाली. करणाऱ्याला ते विचित्र वाटतं, पण दुहेरी हनुवटी नाहीशी होते. हात रिकामे सोडू नका. बोटं काठीवर, पदरावर, चहाच्या कपावर, दुसऱ्या हाताच्या मनगटावर. तळहाताची सपाट बाजू कॅमेऱ्याकडे आली तर हात चेहऱ्याएवढा दिसतो, करंगळीची कड दाखवा. आणि फोटो चालू असताना गप्प राहू नका. फोटोग्राफर गप्प झाला की समोरच्याला वाटतं, फोटो बिघडला.

वयस्कर माणसं आणि लहान मुलं यांच्यासाठी वेगळं काय?

आजी-आजोबांसाठी पाठ असलेली, हाताची खुर्ची हवी. मऊ सोफ्यात ते रुततात आणि गुडघे वर येतात. ऐकू कमी येत असेल तर सूचना कॅमेऱ्यामागून नको, जवळ जाऊन, «आजोबा, जरा खिडकीकडे बघता का?» असं सांगा आणि मग मागे या. डोक्यावर पदर असेल तर कपाळावर सावली पडते, पदर काढायला सांगायचं नाही, दिवा किंवा तोंड खाली-वर करून कुंकू उजेडात आणायचं. सुरकुत्या मऊ हव्यात तर उजेड समोरून, पोत हवा तर बाजूने. कोणतं हवं ते त्यांनाच विचारा.

मुलांसाठी जमिनीवर बसा, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर. झोप आणि जेवण झाल्यावरची वेळ घ्या, आणि पंधरा-वीस मिनिटांत संपवा. बाळाचे हनुवटीखाली हात ठेवून बसलेले फोटो इंटरनेटवर दिसतात, ते दोन फोटो जोडून केलेले असतात, प्रत्येकात कुणीतरी बाळाचं डोकं धरलेलं असतं. तसं एकट्याने बसवायला जाऊ नका.

सगळ्या कुटुंबाच्या फोटोत कुणाचे तरी डोळे मिटलेले असतातच. किती फोटो घ्यावेत?

याचं गणित झालेलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पियर्स बार्न्स यांना त्यासाठी २००६ साली इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक) मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर संख्येला तीनने भागा, उजेड कमी असेल तर दोनने. बारा जणांसाठी चांगल्या उजेडात चार, अंधारात सहा.

तीन रांगा असतील तर एफ ८, फोकस मधल्या रांगेवर. रांगांमधलं अंतर जितकं कमी तितकं बरं, मागच्यांना पुढच्यांच्या खांद्याला चिकटून उभं करा. कॅमेरा थोडा उंचावर, शिडीच्या दुसऱ्या पायरीवरून. कडेच्या माणसांना अगदी चौकटीच्या टोकाला ठेवू नका, २४ मिमीवर कडेचा मामा ताणून रुंद होतो.

वारीत किंवा बाजारात अनोळखी माणसांचे फोटो काढताना कसं विचारावं?

वारीत «माउली, एक फोटो काढू का?» एवढं पुरतं. नाही म्हटलं तर हात जोडून पुढे जा. दिंडी चालू असते, कुणाला थांबवून रांग अडवू नका. विसाव्याच्या ठिकाणी सावली, वेळ आणि बोलायची इच्छा तिन्ही मिळतात. मुलांचे फोटो आई-वडिलांना विचारल्याशिवाय नाहीत. जाहिरातीत किंवा विक्रीसाठी वापरायचा असेल तर लेखी संमती घ्या, मराठीत लिहिलेली, आणि वाचून दाखवा. फोटो पाठवतो म्हणालात तर पाठवा. पुढच्या वर्षी त्याच रस्त्याने दुसरा फोटोग्राफर येणार असतो.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागू नये म्हणून?

कोकण, मुंबई, गोवा इथे हा खरा धोका आहे. ड्राय कॅबिनेट असेल तर आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. नसेल तर रबरी कडेचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. रंग बदलणारी जेल घ्या, रंग उतरला की गरम करून पुन्हा वापरता येते. चामड्याच्या केसमध्ये लेन्स ठेवू नका, चामडं ओल धरतं. कपाटात पडलेली लेन्स आधी सडते, वापरातली टिकते.

एसी खोलीतून दमट हवेत आलात की काचेवर वाफ धरते. कॅमेरा बंद बॅगेतच वीस-तीस मिनिटं राहू द्या, आणि वाफ असताना लेन्स बदलू नका. जुनी लेन्स विकत घेताना मागून टॉर्च मारून आत कोळिष्टकासारखं जाळं आहे का ते बघा.

मोबाइलवर पोर्ट्रेट जमतं का?

जमतं. मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिमीचा असतो, म्हणून जवळ जाण्याऐवजी २ एक्स किंवा ३ एक्सवर जाऊन दीड मीटरवर उभे राहा. काच सुती कापडाने पुसा, बोटाच्या तेलकटपणाने दिव्यांभोवती धुकं येतं. चेहऱ्यावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि उजेड थोडा खाली ओढा. ब्यूटी मोड बंद. पोर्ट्रेट मोड गजरा, कुरळे केस आणि चष्म्याची काडी यांच्या कडा खातो, तिथे साधा मोड बरा.

त्वचेचं रिटचिंग कुठपर्यंत?

पुढच्या आठवड्यात जे नसेल ते काढा: पुटकुळी, कापल्याची खूण, घामाची चमक. तीळ, व्रण, सुरकुत्या ठेवा. त्वचा मऊ करणारी पट्टी ३०च्या पुढे नेली की छिद्रं जातात आणि चेहरा प्लॅस्टिकचा होतो.

प्रिंट अंधारी येते, स्क्रीनवर तर छान दिसते.

स्क्रीन फार उजळ आहे. ब्राइटनेस निम्म्यावर आणा आणि मोठी ऑर्डर देण्याआधी लॅबकडून ४ बाय ६ची एक चाचणी प्रिंट घ्या. फाइल एसआरजीबी या सर्वसाधारण रंग-प्रोफाइलमध्ये द्या, लॅबने वेगळं प्रोफाइल दिलं नसेल तर. ३०० डीपीआयला ८ बाय १२ इंचासाठी २४०० बाय ३६०० पिक्सेल, १२ बाय १८साठी ३६०० बाय ५४०० म्हणजे १९ मेगापिक्सेलपेक्षा थोडे जास्त लागतात. ८ बाय १० मागितलं तर लांबीकडून कापलं जातं, म्हणून फोटो काढतानाच डोक्यावर आणि पायाखाली जागा सोडा. भिंतीवर लावायची प्रिंट मॅट घ्या, ग्लॉसी काचेआड चिकटते आणि दमट हवेत डाग धरते. आणि प्रिंट हातात येईपर्यंत मूळ फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर असल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.